वजिरापुढच्या पन्नास चाली

अकरा वर्षांपूर्वी बुद्धिबळ क्लबच्या अंतिम डावात कुलूपवाल्याने हार मानली, ती भिंतीवरच्या पडद्यावर मशीनने समोरच्याच्या बाजूने दाखवलेला ‘पाच पॉईंट नऊ’ हा आकडा पाहून. समोर त्याचा साडू होता, वजीर घेऊन. कुलूपवाल्याकडे उरले होते राजा, हत्ती आणि एक प्यादं.

“मशीनने निकाल दिलाय, उगाच कशाला ताणता?” साडू म्हणाला होता. डाव चालू असताना आकडा दाखवणं नियमात बसत नव्हतं. पण साडूच सेक्रेटरी असल्यामुळे नियमांचं पुस्तक त्याच्याच ड्रॉवरमध्ये असे.

आठवड्याने किल्ली घासता घासता कुलूपवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. डाव बरोबरीचा होता! प्याद्यामागे राजा, प्याद्याच्या आधाराने हत्ती इकडून तिकडे. वजिराला शिरायला फट नाही. मशीन मोहऱ्यांचं वजन करतं, दार बंद आहे हे त्याला दिसत नाही. पण कुलूपवाल्यालाही दिसू नये? आणि साडू तर तो किस्सा दर घरगुती जेवणात वाढत होता.

यंदा पुन्हा तोच साडू समोर आला. कुलूपवाल्याने आपला वजीर हत्तीच्या बदल्यात उधळला, बाकीची मोहरी कापून काढली आणि ठरलेल्या घरांत जाऊन बसला. पडद्यावर पाच पॉईंट नऊ. लोक हळहळले. हत्ती डावीकडे. हत्ती उजवीकडे.

“अहो, संपवा की एकदाचं!” मागून मेहुणी नवऱ्यावर खेकसली.

विसाव्या चालीला साडूने कपाळ पुसलं. “घरचेच आहात. बरोबरी देतो, घ्या.”

“छे! जिंकत आलेला डाव सोडता? मशीनचा अपमान होईल, साडूबुवा. खेळा.”

एकही मोहरं न मारता, प्यादं न हलवता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या, की डाव बरोबरीत सुटतो. कुलूपवाल्याने घरी हेच शंभरदा करून पाहिलं होतं. पन्नासावी चाल जवळ आली, की मशीनलाही पुढची भिंत दिसते.

चाळिशीनंतर आकडा घसरू लागला. चार. दोन. पॉईंट तीन. मग सरळ शून्य.

“बिघडलं की काय हे?” साडू पुटपुटला.

“नाही हो. त्याला आत्ता कळलं.” कुलूपवाल्याने पन्नासावी चाल केली, घड्याळ थांबवलं आणि हात पुढे केला. साडूने तो धरून लगेच सोडला. तो पडदा बंद करायला उठला.

“राहू द्या,” कुलूपवाला म्हणाला, “घरच्या जेवणापर्यंत.”