परकी

शेजारी कुणी कोथिंबिरीची सांबारवडी तळली, की तिच्या वासानं मला बेसाच्या केअर सेंटरमधली एक दुपार आठवते. स्मृतिभ्रंश झालेल्या माझ्या नवऱ्याला आम्ही तिथं ठेवलं होतं. मी डबा घेऊन गेले होते. पलंगावर बसून त्यांनी एक वडी चवीनं खाल्ली आणि दुसरी रुमालात बांधली. "ही बायकोसाठी," ते मलाच म्हणाले. "मले घरी न्यायले ती काहून येऊन नाही राहिली?" तिथल्या सेविकाबाई हसून म्हणाल्या, "आजोबा, ह्याच तर..." मी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. "येतील उद्या," मी म्हणाले. "तुमी ओळखता तिले?" "ओळखते." "मंग सांगजा, मी तयार बसून राहिलो," म्हणत ते पलंगाखाली चपला शोधायला वाकले, तेवढ्यात मी बाहेर पडले. प्रताप नगरला परतताना ऑटोत मला चक्क हलकं वाटत होतं. आता ते नाहीत. घरी त्यांना सांभाळणं मला झेपत नव्हतं, हे खरंच होतं. पण मी बायको आहे म्हटलं असतं, तर ते माझा हात धरून उठले असते आणि मला त्यांच्या तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. त्यापेक्षा परकी होणं मला सोपं वाटलं.