डुकराचं गाऱ्हाणं

आमच्या गावात खुनाचे सिनेमे आले ते कुवेतमार्गे. आमच्या घराला लागून मोहल्ला. तिथले चाचा कुवेतला नोकरीला होते. ऐंशीनंतरच्या एका सुट्टीत ते रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ घेऊन एसटीतून उतरले आणि पूर्णगडच्या बाजूच्या आमच्या लहानशा गावाची संध्याकाळच बदलली. चाचांच्या पडवीत चटया पसरायच्या, चाची सगळ्यांना काळा चहा द्यायची आणि पडद्यावर माणसं पटापट मरायची. मी तेव्हा रत्नागिरीला कॉलेजात जात होते. मारामारीचे सिनेमे मला जीव की प्राण. आई चिडायची, "पोरीच्या जातीला एवढां रक्त बघवतां तरी कसां?" मी म्हणायचे, "तू सुरमई कापतेस तेव्हा तुला बघवतं तसंच." माझं तोंड तेव्हाही असंच चालायचं.

एक कॅसेट मला अजून आठवते. तिच्यावर लेबलच नव्हतं, त्यामुळे नाव कुणाला कळलं नाही. सिनेमा इंग्रजी, तोही इतका भरभर बोलणारा की माझं कॉलेजातलं इंग्रजी पहिल्या पाच मिनिटांतच दमलं. शहरात एक खुनी आणि त्याच्या मागावर एक पेपरवाला. हा पेपरवाला पोलिसांच्या आधी प्रेतापाशी पोचायचा. प्रेताचा टाय सरळ करायचा, दिवा जवळ ओढायचा आणि खिशातल्या बाटलीतलं लाल पाणी शिंपडून मग फोटो काढायचा. खुनी सकाळी चहा पिताना पेपर उघडायचा आणि आपली बातमी आतल्या पानावर गेली म्हणून रुसायचा. शेवटी तर पेपरवालाच त्याला सांगू लागला की छपाईच्या आधी काम उरक.

पुरुषमंडळी प्रत्येक खुनाला शिट्ट्या मारत होती. चाची मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पदर तोंडात धरून हसत होती. मला राग आला. मी म्हटलं, "चाची, माणसं मरतायत आणि तुम्ही हसताय?" ती म्हणाली, "अगो, ह्यो खुनाचा पिक्चर नाय. ह्यो पेपरवाल्याचा पिक्चर हाय. नीट बघ." तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं, इंग्रजीचा गंध नाही. मी नीट बघितलं आणि मलाही हसू यायला लागलं.

त्यानंतरच्या माघात, शिमगा जवळ आला असताना, गावाने पारध काढली. आमच्याकडे शिमग्याआधी पारध व्हायचीच. डबे, ढोल बडवत रान उठवायचं, याला हाकारा म्हणतात, आणि पुढे बंदूकवाला दबा धरून बसायचा. बंदूक ठासणीची, परवाना नसलेली. ती कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं आणि विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. डुक्कर पडला की जितकी घरं तितके वाटे पडायचे. पानावर घातलेला वाटा घरोघर पोचायचा, विधवेच्या घरी पोचायचा आणि भांडणातल्या भावकीच्या घरीसुद्धा पोचायचा. चाचा सुट्टीवर असले की हाकाऱ्याला हौसेने डबा बडवायचे, पण वाटा अर्थातच त्यांच्या घरी जात नसे. त्या माघातही ते सुट्टीवर गावातच होते.

त्या वर्षी डुक्कर पडला तो आमच्या आंब्याच्या बागेत, राखणदाराच्या खोपीसमोर. तिथेच कातळावर कापला. राखणदार संगमेश्वराकडचा, एकटाच राहायचा, बोलणं कमी. हाकाऱ्यात त्याच्या एका वहाणेचा अंगठा तुटला. ती त्याने खोपीच्या दाराशी टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्याकडचा कुणी माणूस निरोप घेऊन आला की आई मुंबईला थोरल्या मुलाकडे अत्यवस्थ आहे. हा तसाच अनवाणी निघाला आणि मिळेल त्या गाडीत बसला. बाबा आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या बघायला पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेले होते, मी त्याच गाडीने कॉलेजला आणि आई विहिरीवर. सांगायला घरी कुणी भेटलं नाही. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की राखणदार नाही.

पलीकडच्या गावचा एक माणूस बागेतून वाट काढत जात होता. त्याला कातळावर रक्त दिसलं, दाराशी एक वहाण दिसली आणि माणूस काही दिसला नाही. ही गोष्ट त्याने कुठे सांगितली कोण जाणे, पण जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात पहिल्या पानावर मथळा आला : बागेत रक्ताचा सडा! राखणदार गायब! मालक गप्प!

बाबा खरंच गप्प होते. रक्त डुकराचं आहे असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की मारला कोणी, खाल्ला कोणी. मग बंदूक जप्त, बंदूकवाला आत आणि गावातल्या एकेका चुलीची चौकशी. हवालदार घरी आले. मातीची पुडी बांधून तपासायला पाठवली, जिचा निकाल यायला महिने लागणार होते, आणि बाबांना चौकीवर नेलं. संध्याकाळी सोडलं, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलं. "रक्त कसलां?" या एका प्रश्नावर बाबा खाली बघायचे. चाचा मुद्दाम संगमेश्वरापर्यंत जाऊन आले. राखणदाराच्या घराला कुलूप होतं आणि दिवाळीपासून तो दिसलाच नाही असं शेजारी म्हणाले. त्यामुळे संशय आणखी पक्का झाला. शिमगा होईपर्यंत माणूस सापडला नाही तर मला तुम्हाला आत घ्यावं लागेल, असं हवालदारांनी बाबांना स्पष्ट सांगितलं. ते वाईट नव्हते, पण मथळा त्यांच्या साहेबांनीही वाचला होता.

परगावचे लोक एसटीत माझ्या शेजारी बसेनात, आणि आमच्या गावाला खरं माहीत असून कोणी तोंड उघडेना. मी रागाने कुणाकुणाशी भांडले याचा हिशेब नाही. घरी बाबांवरही ओरडले, "सांगून टाका ना एकदाचं!" बाबा म्हणाले, "वाटा घरात घेतलाव ना आपण? मंग?"

मग एका दुपारी साप्ताहिकाचा वार्ताहर फटफटीवरून आला, गळ्यात कॅमेरा. त्याने आईला खोपीपाशी नेलं, डोक्यावरून पदर घ्यायला लावला. ती वहाण उचलून आपल्याला हवी तिथे, डागाजवळ ठेवली. मग आईला म्हणाला, "वहिनी, जरा रडल्यासारखं करा." आई म्हणाली, "कशाक? डोळ्यांत कांदा पिळू काय?" चाची आमच्या बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून बघत होती. तिने मला हाक मारली आणि म्हणाली, "अगो, बाटली खंय हाय ह्याची? लाल पाण्याची?" इतक्या दिवसांनी मी हसले. हसता हसता रडले, आणि चाचीने मला गडग्यावरूनच जवळ घेतलं.

शिमग्याला काका मुंबईहून आला. हा बाबांचा धाकटा भाऊ. एरवी गिरणीतला साधा कामगार, पण शिमग्यात आमच्या गावच्या खेळ्यांचा, म्हणजे सोंगं घेऊन नाचणाऱ्या मंडळींचा, प्राण. आमच्याकडे पालखी देवळातून निघून सहाणेवर, म्हणजे गावच्या मोकळ्या जागेतल्या चौथऱ्यावर बसते आणि तिच्यासमोर खेळे नमन करतात. आधी गण, मग गवळण, शेवटी वग. वग दरवर्षी काकाच रचायचा आणि त्यात गावातल्या कुणाची ना कुणाची बिनपाण्याने व्हायची. शिमग्यातल्या सोंगाच्या बोलण्याचा राग धरायचा नाही, हा रिवाज.

काकाने घरी पाय ठेवल्याबरोबर बाबांचा चेहरा बघितला, आईकडून सगळं ऐकलं, चाचीने तिच्या बाजूने सिनेमाची गोष्ट सांगितली. काकाने तो सिनेमा बघितला नव्हता. चाचांनी सगळ्या खेळ्यांना पडवीत बसवलं आणि ती कॅसेट पुन्हा लावली. या वेळी शिट्टी कोणी मारली नाही. पेपरवाला दिसला की काका म्हणायचा, "थांबव, परत दाखव," आणि चाचा इमाने इतबारे रिवाइंड करायचे. मग काका स्वतः चौकीवर गेला आणि हवालदारांना वगाचं आमंत्रण देऊन आला. वार्ताहरालाही निरोप धाडला, "फोटो मिळतील." हवालदारांना शेवटची एसटी गाठायची होती म्हणून त्या वर्षी वग उन्हं उतरायच्या आतच सुरू झाला.

सहाणेवर घोंगडीखाली एक प्रेत पडलेलं. पेपरवाला आला. गळ्यात दोरीने बांधलेला बिस्किटांचा डबा, हाच कॅमेरा. त्याने प्रेताचा हात वाकडा केला, पाय सरळ केला, मान डुलवली आणि म्हणाला, "रक्त कमी पडताय. मथळा केवढा मोठा हाय!" मग तांब्याने कुंकवाचं पाणी ओतायला लागला. घोंगडीखालून आवाज आला, "बस झाला, गार लागताय." लोक लोळायला लागले. साडी नेसलेल्या एका खेळ्याला धरून पेपरवाल्याने विचारलं, "नवरा गेला, कसां वाटताय?" तो म्हणाला, "अवो, माझां अजून लगीन व्हायचाय." खरा वार्ताहर पहिल्या रांगेत होता. त्याने कॅमेरा हळूच मांडीवर ठेवला.

मग घोंगडी उडाली आणि आतून काका निघाला. अंगाला गोणपाट, तोंडाला काजळ, ओठांतून बाहेर आलेले मुळ्याचे दोन सुळे. डुक्कर! सहाण नुसती दणाणली. डुक्कर पालखीकडे वळला, हात जोडले आणि त्याने गाऱ्हाणं सुरू केलं.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने मोठ्याने मांडलेली विनवणी. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. हे आमच्या जिभेला पाळण्यापासून लागलेलं असतं, त्याला विचार करावा लागत नाही.

"हे म्हाराजा, आज मी डुक्कर तुज्या पायाशी उभा हाय."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यांनी मला बागेत पाडलानी, कातळावर कापलानी."

"व्हय म्हाराजा!"

"माजे वाटे घरोघर गेले, कोणी म्हणून परत नाय पाठवलान."

"व्हय म्हाराजा!"

सगळा गाव एका सुरात बोलून गेला. आणि मग आपण काय बोललो ते सगळ्यांना एकदमच कळलं. पुढे हवालदार बसले होते. ढोलकीवाल्याचा हात वर राहिला. बायकांमध्ये आई माझ्या शेजारी होती, तिने माझं मनगट घट्ट धरलं. गाव आता हसण्यावारी नेणार, गंमत होती म्हणणार, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बाबांचं काही खरं नव्हतं.

काकाने मुळ्याचे सुळे काढून हातात घेतले. आवाज सोंगाचा राहिला नाही.

"म्हाराजा, ज्याच्या बागेत मी पडलो, त्यानं गावासाठी आजपावत तोंड उघडलान नाय. आता गावानं उघडावां."

मग मागून एक म्हातारा आवाज आला, "व्हय म्हाराजा." बंदूक ह्याच म्हाताऱ्याच्या वळचणीला असायची. आता तो राहिला नाही, म्हणून लिहिते. त्याच्या मागून एक घर बोललं, मग दुसरं, मग सगळी सहाण. पहिल्यापेक्षा मोठ्याने, आणि या वेळी समजून उमजून. ज्यांच्याशी मी इतके दिवस भांडले होते ती माणसंही बोलली. बाबा आंब्याच्या बुंध्याशी एकटे उभे होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडावर ओढून घेतला.

हवालदार उठले, टोपी घातली. म्हणाले, "नाटकातली कबुली मी कागदावर कशी घेऊ? आणि घ्यायची तर कोणाकोणाची?" तेव्हा चाचा पुढे झाले. "साहेब, आमच्या घरी वाटा येत नाय. गावातला एकच कोरडा साक्षीदार मी. मी डबा वाजवीत होतो. डुक्करच होता, तिथेच कापलानी. लिहून देतो."

"बंदूक कोणाची होती?"

"धूर लय होता साहेब. नाय दिसला."

हवालदारांनी चाचांकडे बघितलं, मग सगळ्या गावाकडे. "ह्या बाजूला धूर असतोच जास्त," म्हणाले आणि चाचांचा जबाब तिथेच सहाणेच्या कठड्यावर टेकून लिहून घेतला. जाताना बाबांना म्हणाले, "आता चौकीवर येऊ नका." एसटी चुकली. काकाने त्यांना सायकलवर डबलसीट हमरस्त्यापर्यंत सोडलं, अंगावर गोणपाट तसंच होतं.

पाडवा झाल्यावर राखणदार परत आला. डोकं भादरलेलं होतं. त्याची आई तो पोचायच्या आधीच गेली होती. आपण गावात मेलेलो होतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. लोक येऊन त्याला हात लावून बघत होते आणि तो गोंधळून खोपीसमोर उभा होता. साप्ताहिकात पुढे एक अक्षर आलं नाही. आईने त्याला जेवायला वाढलं आणि तो पानावर बसून रडला. तेव्हा बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसले. इतक्या सगळ्या आरड्याओरड्यात खरोखर मेलं होतं ते एकच माणूस, आणि त्याची कुणी चौकशीसुद्धा केली नव्हती.

माझ्या वाट्याला पुढे बऱ्या माणसांची संगत पुष्कळ आली. पण माणसांवर विश्वास टाकायला मी शिकले ती त्या सहाणेवर, आणि त्यासाठी मी चाचीचं, चाचांचं, काकाचं, त्या म्हाताऱ्याचं देणं लागते. असं सगळं गाव पाठीशी उभं राहिलेलं ज्याने बघितलं, त्याला पुढे फारशी भीती उरत नाही.

पुढच्या शिमग्याला खरं गाऱ्हाणं सुरू झालं. गावकऱ्याने, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा मान असलेल्या मानकऱ्याने, शेताभाताची, गुराढोरांची, मुंबईकरांची, परदेशी गेलेल्यांची राखण मागितली. शेवटच्या वाक्याआधी बाबा पुढे झाले. गाऱ्हाण्यात मध्ये बोलायचं नसतं, आणि बाबा तर कुठेच बोलणारे नव्हते. त्यांनी गावकऱ्याच्या कानात काही सांगितलं. गावकरी थांबला, मग पालखीकडे वळून म्हणाला, "आणि आमच्या राखणदाराची आई मुलाची वाट बघत गेली, म्हाराजा. तिला सुखात ठेव."

राखणदार खेळ्यांच्या मागे उभा होता. सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." त्यात बाबांचा आवाज मला वेगळा ऐकू आला.