पुढे केलेलं बोट

पंचवीस वर्षांपूर्वी प्रबंधासाठी लोकांची राजकीय मतं विचारत मी घाटघरला गेलो होतो. एका दारात बसलेल्या बाईंनी माझी पिशवी पाहिली, हात पदराला पुसला आणि बोट पुढे केलं.

"रक्त नको, मावशी. मतदानाचं विचारायचंय."

"आदी झाडपाला तपासनारे आले, मग दगडं तपासनारे. डाक्टरांनी माज्या लेकीचं रगात नेलं. त्यात काय निघालं, ते सांगाया कुनी आलंच न्हाई. पोर गेली. तुमी तरी परत येनार का, भाऊ?"

"येईन की," मी म्हणालो आणि विचारलं, "लोकशाहीवर किती विश्वास आहे?"

त्या नुसत्या हसल्या. मी प्रश्नावलीत 'पूर्ण'पुढे खूण केली.

मला पदवी मिळाली. घाटघरला मी पुन्हा गेलो नाही.