बाईंचा विषय कोणता

मानपत्राचा मजकूर गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवा, नाहीतर फ्रेम वेळेत मिळणार नाही, असं दुकानदाराने मला बजावलं होतं. बाकी सगळी कामं मार्गी लागली होती. डोंबिवली पूर्वेचा एक छोटा हॉल ठरला होता, माइकवाल्याला सांगून झालं होतं, शाल मी स्वतः जाऊन आणली होती. (भगवी नको, असं मी आधीच ठरवलं होतं. प्रत्येक सत्कारात तीच असते आणि नंतर ती कुणी पांघरत नाही.) बटाटेवडा की साबुदाणा वडा, यावर ग्रुपवर दोन दिवस चाललेली चर्चाही मी बटाटेवडा जाहीर करून थांबवली होती.

शाळेतल्या आमच्या बाई पंचाहत्तर वर्षांच्या होणार होत्या. त्यांचा सत्कार करायचं आमच्या दहावीच्या वर्गाने ठरवलं आणि काम माझ्याकडे आलं. त्यात नवल नाही. ठाण्याच्या ऑफिसात काय, सोसायटीत काय, कामांची यादी माझ्याच हातात असते. ती खाली खाली संपत गेली की मला बरं वाटतं.

मानपत्राला बसले आणि दुसऱ्याच ओळीत अडले. ‘आपण इतकी वर्षे अमुक विषयाचे अध्यापन केले’, या वाक्यातला अमुक काय?

माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. विज्ञान. फ्यूजची तार वितळते म्हणून घर वाचतं, हे मला बाईंनी समजावलं होतं. फळ्याशी उभ्या राहून त्यांनी ती तार कशी दाखवली तेही आठवत होतं. पण विज्ञानाला आम्हाला दुसरे सर होते, हेही तितकंच स्पष्ट आठवत होतं. म्हणून खात्री करायला मी कल्याणला क्लास चालवणाऱ्या वर्गमित्राला फोन केला.

“गणित,” तो म्हणाला. “डाउटच नाही. वर्गसमीकरणं मला बाईंमुळे समजली. आज माझ्या पोरांना तसंच शिकवतो.”

“अरे, गणिताला सर होते आपल्याला. ते उंच. खडूच्या डबीला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत ते.”

“होते ना.”

“मग बाई गणित शिकवायच्या म्हणजे काय?”

“शिकवायच्या म्हणजे शिकवायच्या.”

“आणि सर काय शिकवायचे?”

“गणितच,” तो म्हणाला. “तू मला कन्फ्यूज करू नकोस. माझी बॅच बसलीय.”

दिव्याला राहणाऱ्या मैत्रिणीने संस्कृत सांगितलं. कोपरच्या वर्गमित्राला विचारलं. त्याच्या घरची पूर्वी भातशेती आणि मिठागर होतं, आता त्याच जमिनीवर त्यांच्या इमारती आहेत.

“भूगोल गो,” तो म्हणाला. “नकाशाचं प्रमाण बाईंनीच डोक्यात घातलं. जमिनीचा नकाशा समोर आला का पयल्या बाई आठवतात.”

चार जण, चार विषय. मला वाटलं, आपण वेगवेगळ्या बाईंबद्दल बोलतोय. मी फोटो पाठवला. तिघांचंही उत्तर एकच, ‘ह्याच’. शाळेत फोन केला, तर तिथल्या नव्या क्लार्कला बाई माहीतच नव्हत्या. इतकी वर्षं नोकरी केलेल्या बाईंचा विषय कुणाला सांगता येऊ नये, हे माझ्या समजण्यापलीकडचं होतं. शेवटी कोपरच्या मित्राला म्हटलं, गाडी काढ, खडवलीला जाऊ. बाई हल्ली तिथे भाच्याकडे राहतात.

बाई ओटीवर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. आम्ही वाकून नमस्कार केला, तर त्यांनी आमच्यापुढेही एकेक मूठ वाल सरकवले. “हात मोकळे कशाला ठेवता? सोला.”

“बाई, एक विचारायचं होतं. तुमचा विषय कोणता?”

“हिंदी.”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हिंदी आम्हाला त्यांनी कधीच शिकवलं नव्हतं.

“नेमणूक हिंदीची होती,” बाई म्हणाल्या. “पण हिंदीला माझ्याहून जुन्या बाई होत्या. त्या सोडेनात. मग मला वेळापत्रकात उरलेले वाचनालय, कार्यानुभव असले तास मिळायचे आणि कुणी रजेवर गेलं की त्यांचा ऑफ तास. सकाळी फळ्यावर लिहिलेलं असायचं, आज कोण नाही आणि त्यांच्याऐवजी कोण. त्यांच्याऐवजी मीच. पुढे पुढे तर सगळ्यांच्या अंगवळणीच पडलं.”

“पण आमाला तुमीच शिकवलंत,” मित्र म्हणाला. “नकाशा, प्रमाण, सगला.”

“ते तुला वाटतं. अरे, दुसऱ्याच्या तासाला गेलं की पुढचा धडा उघडायचा नाही, असा स्टाफरूमचा नियम होता. लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. ज्याचा विषय त्याचं नियोजन बिघडतं ना. त्यावरून अबोले झालेत आमच्यात. म्हणून बाकीचे लोक ऑफ तासाला तुम्हाला शुद्धलेखन देऊन गप्प बसवायचे. मला काही ते जमलं नाही. मी विचारायचे, मागचा कुठला धडा झालाय? तोच परत घ्यायचे.”

“म्हणजे नवीन काहीच नाही?” मी विचारलं.

“एकही धडा नाही. नोकरीभर मी झालेलेच धडे शिकवले.”

मला हे मानायला वेळ लागला. पण आठवून पाहिलं, तर फ्यूजचा धडाही आमचा आधी झालेलाच असणार. नाहीतर बाई पुस्तक न उघडता आम्हालाच प्रश्न विचारत कशा राहिल्या असत्या?

“पण बाई, कळलं ते तेव्हाच.”

“दुसऱ्यांदा ऐकताना कळतंच. त्यात माझं काय? तुमचे कोरे चेहरे पहिल्यांदा शिकवणाऱ्याच्या वाट्याला येतात.” वालाची सालं त्यांनी बाजूला केली आणि विचारलं, “गणिताचे सर येणार आहेत का त्या दिवशी?”

“हो तर. पहिल्या रांगेत. निमंत्रण मीच देऊन आले.”

“मग मी येत नाही.”

मला वाटलं, गंमत करताहेत. तसं नव्हतं. बाईंनीच सांगितलं, एकदा सर मोठ्या आजारपणातून परत आले. त्यांनी आपलाच झालेला धडा उजळणीसाठी उघडला, तर मुलं म्हणाली, सर, तो नको, तो बाईंनी समजावलाय, पुढचा घ्या. त्या दिवसापासून सर निवृत्त होईपर्यंत बाईंशी कामाशिवाय एक शब्द बोलले नाहीत.

“आणि आता त्यांच्यासमोर तुम्ही मला गणिताची शाल पांघरणार,” बाई म्हणाल्या. “नको गं. मला उरलेली वर्षं त्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटेल.”

मी समजावलं, मित्राने विनवलं. बाई बधल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, “खरं लिहिणार असशील तर येईन. यांनी दुसऱ्यांनी शिकवलेले धडे पुन्हा शिकवले, असं लिही. त्याच्यापुढे एक शब्द नको.”

परतताना गाडीत टिटवाळ्याच्या आसपास मित्र म्हणाला, “असलं मानपत्र कोन लिवतं गो?”

कल्याणच्या क्लासवाल्याचं मत त्याहून कडक होतं. “हा सत्कार आहे की शेरा? लोक म्हणतील, बाईंना बोलावून अपमान केला. तू सरळ ‘आदर्श शिक्षिका’ लिही आणि मोकळी हो. बाई काय स्टेजवर भांडणार आहेत?”

मी नेहमी पटकन ठरवते. त्या रात्री ठरेना. सरांनी जे शिकवलं आणि बाईंनी जे शिकवलं, ते मी मनात वेगळं करून पाहत होते. होत नव्हतं. वर्गसमीकरणाच्या पायऱ्या आठवल्या की फळ्यावर अक्षर सरांचं दिसायचं आणि आवाज बाईंचा यायचा. मग श्रेय कुणाचं? खरं लिहिलं तर बाई लहान होतात की सर? आणि न लिहिलं तर बाई येणारच नाहीत, मग सत्कार कुणाचा करायचा? गुरुवारी दुपारी मी बाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहून दुकानदाराला पाठवलं. बरोबर केलं म्हणून नाही, वेळ संपली म्हणून.

बाई आल्या. सरही आले, काठी टेकत, आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मानपत्र मीच वाचलं. ‘दुसऱ्यांनी शिकवलेले धडे आपण पुन्हा शिकवले’ या वाक्याला सभागृहात कुजबुज झाली. क्लासवाल्याने कपाळाला हात लावलेला मला स्टेजवरून दिसला. अध्यक्षांनी शाल उलगडली, तेवढ्यात सर उठले आणि काठी टेकत माइकपाशी आले. त्यांना अडवायचं कसं, हे कुणाला सुचेना.

“मी रजेवरून परत यायचो,” सर म्हणाले, “तेव्हा वर्ग पुढे गेलेला नसायचा. पण हुशार झालेला असायचा. मी घरी जाऊन विचार करायचो, की मी इतकं वाईट शिकवतो का? अजून करतो.”

अध्यक्ष शाल धरून तसेच उभे. बाई खुर्चीतून उठल्या.

“सर, तुमच्या पायऱ्या फळ्याच्या कोपऱ्यात तशाच असायच्या. पुसू नका, असं लिहिलेलं असायचं. मी त्याच वाचून दाखवायचे.”

“नुसत्या वाचून?”

“थांबत थांबत.”

सरांच्या घशातून एक आवाज आला. ते हसले की खोकले, मला कळलं नाही. ते वळून जागेवर जाऊ लागले. बाई मात्र बसेनात. अध्यक्षांनी शाल पुढे केली, तर त्यांनी हाताने थांबवलं.

“सर, घेऊ का?”

“घ्या की. मला काय विचारता?”

“तेव्हा तुमचा तास घेताना विचारलं नव्हतं,” बाई म्हणाल्या.

सर खुर्चीत बसले. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून त्यांनी एकदा मान हलवली. मग बाईंनी खांदे पुढे केले. टाळ्या उशिरा आणि तुटक वाजल्या, कारण नेमकं काय झालं हे लोकांना समजलं नव्हतं. मलाही समजलं नव्हतं. त्यांचा अबोला मिटला होता, की इतक्या वर्षांनी चारचौघांत उघडा पडला होता?

आभार मला मानायचे होते. कागदावर पहिले अध्यक्ष होते. मी माइकसमोर उभी राहिले आणि माझ्याही नकळत सुरुवात गणिताच्या सरांपासून केली. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा शिकवलं म्हणून, असं म्हणाले. बाई जोरजोरात टाळ्या वाजवू लागल्या, एकट्याच.

“अगं,” क्लासवाला स्टेजच्या पायरीपाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “सत्कार कुणाचा आहे?”

मी पुढचं नाव घेतलं.