खाऱ्या पाण्याचा बाप्तिस्मा

"मिठागरातील खाऱ्या पाण्याने, तोही पाळकाविना दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, सबब हाशाराम यांचे तारण झाले, असे म्हणता येणार नाही."

आमच्या मंडळीच्या नव्या स्मरणिकेतले हे वाक्य वाचताना माझे बोट ताटातल्या खड्या मिठावर थांबले. लिहिणाऱ्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तो बाप्तिस्मा मी दिला आहे.

वडखळजवळच्या मिठागरात राबणाऱ्या हाशाला भर दुपारी साप चावला. गाडी आणायला माणूस धावला होता. बांधावर, मिठाच्या राशीच्या तोकड्या सावलीत, हाशाचे डोके माझ्या मांडीवर होते. बारा वर्षे तो माझ्याशी वाद घालत आला होता, "मास्तर, तुमचा देव माझं मीठ पिकवील काय?" त्या दिवशी मात्र म्हणाला, "पाद्री येईपर्यंत मी नाय राहायचा. तुमीच घाला पाणी."

"मडकं रिकामं आहे रे. हे वाफ्यातलं खारं आहे."

"मंग मी तरी कुटं गोड हाय?"

मी ओंजळीने तीनदा त्याच्या कपाळावर पाणी घातले. ते उन्हाने कोमट झाले होते. गोडे पाणी मिळाले नाही, याची मला कित्येक वर्षे लाज वाटत असे. आज त्या लाजेचाच संताप येतो. पाळकांनी आणि पंचांनी खुशाल ठराव करावेत. हाशाने ओठांवर ओघळलेले पाणी चाटले आणि हसून म्हटले, "खारट हाय हो, मास्तर, आपला देव."

बारा वर्षांत तो प्रथमच "तुमचा" म्हणाला नाही.