मामाच्या क्लासबद्दल खरं लिहिलं तेव्हा

आई-बाबा ऊसतोडीला गेले की आमची शाळाही सुटायची. मामाने मला पुसदला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, म्हणून आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या नावावर लागली. त्याच मामाचा ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास आहे; मीही तिथेच शिकले. ही गादीवरची झोंबाझोंबी. पकड असह्य झाली की हाताने थाप द्यायची आणि समोरच्याने तत्काळ सोडायचं.

गावात असे दोनच क्लास. आमच्या तांड्यातल्या बायांनी ग्रुपवर मला विचारलं, "पोरीले कुठं टाकावं?" खरं सांगितलं तर मामा तुटणार, हे मला दिसत होतं. तरी लिहिलं, "मामा शिकवतात एक नंबर, पण तिथली पोरं थाप दिल्यावरही सोडत नाहीत. सध्या दुसरीकडे टाका."

संध्याकाळपर्यंत ते मामाने वाचलं होतं.

"काहून वं, तुले शिकवलं ते माहा क्लास बंद पाडाले?"

"चालावा म्हणूनच लिहिलं, मामा. घ्या मले पकडीत."

त्याने पकडलं. मी थाप देताच सोडलं.

मी म्हटलं, "पाहा, भाची म्हणून सोडलं. बाकीच्या पोरीयले मामा कुठून आणू?"

बाजूला उभी असलेली मामी फिसकन हसली. मामा हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी थाप न मानणाऱ्या दोघांना त्याने भिंतीशी बसवलं. पुढे पोरं सुधारली, तेव्हा मी तेही ग्रुपवर लिहिलं.

आज त्या क्लासात मुलींची वेगळी बॅच आहे आणि ती मी शिकवते.