नंदाच्या पेशी शिकत होत्या

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोताळ्याच्या बाजारात मेथी निवडत होते. जुडी तिथंच टाकली. रडू आलं नाही, राग आला... आणि महिना झाला तरी तो उतरलेला नाही.

आम्ही दोघी एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो. तिला रक्ताचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी तिच्या भावाच्या रक्तातल्या मूळ पेशी तिला दिल्या. घरी आल्यावर तिनं मला वर्गात सांगावं तसं सांगितलं. या पेशी हाडांतल्या मज्जेत रुजतात. त्यांच्यापासून झालेल्या काही कोवळ्या पेशी रक्तातून छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात. तिथं त्यांची परीक्षा होते, परका ओळखायचा पण घरच्यावर हात उचलायचा नाही. बहुतेक नापास होतात आणि तिथंच मरतात. पास होतात त्या टी-पेशी. "माह्या वयात थायमस सुकलेलं असते वं. माही शाळा एकशिक्षकी हाये, वर्षभर तरी लागन," ती म्हणाली. तोवर गर्दी नको, एवढंच तिचं मागणं होतं.

गावानं त्याचं बीटी करून टाकलं. बीटी कपाशीच्या सरकीत अळी मारणारं औषध उपजतच असतं, तसं नंदात भावाचं बियाणं भरलंय, मग भीती कसली? रिपोर्टात पांढऱ्या पेशी पुरेशा दिसल्या आणि घरच्यांनी दार सताड उघडलं. त्यांत टी-पेशी जवळजवळ नव्हत्याच, हे मी ओरडून सांगत होते. कापूस वेचणीवरून खोकत माणसं आली, कोणी शेगावच्या गर्दीतून थेट प्रसाद घेऊन आलं, पलंगावर बसून तिच्या गालांवरून हात फिरवले. मी तिच्या सासूबाईंशी भांडले. "मॅडम, भेटाले आलेल्या माणसाले दारातून कसं धाडू? आमाले याच गावात राह्यचं हाये," त्या म्हणाल्या. आणि नंदाही... "येऊ दे वं, मायेनं येतात." तिचाही राग येतो मला.

संताप याचा, की त्याच माणसांच्या बीटीच्या बोंडांतून त्या हंगामात गुलाबी अळी निघत होती. पाकिटासोबतची साधी सरकी शेताच्या कडेनं लावा, नाहीतर अळी त्या औषधाला सरावेल, असं नंदा वर्षानुवर्षं सांगत आली. ती पाकिटं उकिरड्यावर गेली. बियाणं कसं फसतं ते डोळ्यांदेखत पाहूनही कुणाला शहाणपण सुचलं नाही. तिला ताप आला, छाती भरली. शिकायला बसलेल्या पेशी शाळेतच राहिल्या.

तेरवीला तिच्या खोलीत गेले. खिडकीत तिची खडूंची डबी तशीच होती, पलंगावर धुतलेली चादर. बायका मात्र दारातच घुटमळत होत्या, आत यायला कुणी धजेना. मी बाजूला सरकले.

"या, बसा पलंगावर," मी म्हणाले. "आता तिले काही होत नाही."